मुद्दल राखा, नफा खा
नेकनूरच्या बाजारातून व्यापारी व कारागिरांसाठी एक धडा



ज्याने दुकानाच्या गल्ल्यावर एक वर्ष काढले आहे, त्याला एक गोष्ट शिकवावी लागत नाही. मुद्दलाला हात लावायचा नाही. घरखर्च नफ्यातून करावा, लग्नकार्य नफ्यातून करावे, दानधर्मही नफ्यातून करावा. पण ज्या दिवशी मुद्दल खर्चायला सुरुवात झाली, त्या दिवशी दुकान उठायला सुरुवात झाली. बाहेर पाटी असते, आत माल दिसतो, गिऱ्हाईकही येत असते. पण जाणकार माणूस खतावणी पाहूनच सांगतो की हे दुकान आता दोन वर्षांचे सोबती आहे.

आज आपण ज्या मुद्दलाचा विचार करणार आहोत ते कुणाच्याही खतावणीत लिहिलेले नसते. आपल्या गावाचे पाणी, भोवतालचा डोंगर, बाजाराची जागा, जुन्या लोकांनी बांधून ठेवलेल्या इमारती व विहिरी, आणि उस्तादाकडून शागिर्दाकडे आलेले हुन्नर, हे ते मुद्दल. यावर आपण सारे धंदा करतो. पण ते विकत घेतलेले नसल्यामुळे त्याची घट आपल्याला दिसत नाही. ही घट कशी ओळखावी, आणि धंदा वाढवत असताना ती कशी थांबवावी, एवढाच या धड्याचा विषय आहे.

बाजार कशावर उभा असतो?

नेकनूर हे बीड तालुक्यातले, मांजरसुंब्याहून केजकडे जाणाऱ्या रस्त्यावरचे बालाघाटाच्या पठारावरील बाजाराचे गाव. वारकरी मंडळी ते बंकटस्वामींचे गाव म्हणून ओळखतात. आसपासच्या खेड्यांतला शेतकरी ते जनावरांच्या आणि आठवडी बाजाराचे गाव म्हणून ओळखतो. गावाच्या नावातच 'नेक' आहे आणि 'नूर' आहे. नाव कसेही पडले असो, व्यापाऱ्याला दोन्ही शब्द उपयोगाचे आहेत.

अशा गावचा बाजार कुणाच्या खिशावर चालतो, हे एकदा शांतपणे मोजावे. कापडवाला, बागवान, कासार, लोहार, पिंजारी, खाटीक, शिंपी, चप्पलवाला, या सगळ्यांचे गिऱ्हाईक एकच आहे: कोरडवाहू शेतकरी आणि मजूर. पाऊस झाला, कापूस आणि सोयाबीन हाती आले, की उधारी वसूल होते. पाऊस गेला की वहीतल्या नावांसमोरची रक्कम तशीच पुढच्या पानावर जाते. बीड जिल्ह्यातील लाखो लोक दरवर्षी दिवाळीच्या सुमारास ऊसतोडीला पश्चिम महाराष्ट्रात व कर्नाटकात जातात. मुकादमाकडून उचल मिळाली की काही दिवस बाजारात गर्दी उसळते आणि मग चार-पाच महिने गाव निम्मे रिकामे होते. ज्या वर्षी विहिरी लवकर आटतात, त्या वर्षी आणखी कोयते निघतात. म्हणजे पाण्याची घट ही शेवटी आपल्या गल्ल्याचीच घट आहे. ती फक्त उशिरा कळते.

म्हणून 'पर्यावरण हा शिकलेल्या लोकांचा विषय, आपल्याला पोट आहे' हे बोलणे व्यापाऱ्याला शोभत नाही. पोट ज्याच्यावर भरते, त्याचाच हा विषय आहे.

खजाना बावडीचा हिशेब

मांजरसुंब्याचा घाट उतरून बीडकडे जाताना, शहराच्या दक्षिणेला सुमारे ६ किलोमीटरवर खजाना बावडी आहे. आपल्यातील कितीतरी जण त्या रस्त्याने शेकडो वेळा मालाच्या गाडीतून गेले असतील, पण थांबून पाहिलेले थोडेच. अहमदनगरच्या मुर्तजा निजामशाहच्या काळात, १५८२ साली, बीडचा जहागीरदार सलाबतखान याने ती बांधविली. बांधणाऱ्या कारागिराचे नाव राजा भास्कर असे सांगितले जाते. सरकारी खजिना या कामी खर्च झाला म्हणून तिला हे नाव पडले, असेही लोक सांगतात. पैसा देणारा एका समाजाचा, रचना करणारा दुसऱ्या समाजाचा, आणि पाणी सर्वांचे. आपल्या भागातील जुनी कामे बहुतेक अशीच झालेली आहेत.

तिची रचना धंदेवाईक माणसाने समजून घेण्यासारखी आहे. बावडीला जमिनीखालून तीन बोगदे आहेत. दोन बोगद्यांतून भोवतालच्या जमिनीत मुरलेले पाणी आत येते आणि तिसऱ्या बोगद्यातून ते उताराने बाहेर शेताकडे जाते. मोट नाही, पंप नाही, इंधन नाही. या पाण्यावर सुमारे ५०० एकर जमीन भिजत असे. मोठ्या दुष्काळातही बावडीचे पाणी आटत नाही, अशी तिची ख्याती आहे. इराणात अशा भूमिगत नहरींना कनात म्हणतात आणि २०१६ साली तिथल्या कनातींना जागतिक वारशाच्या यादीत स्थान मिळाले. आपल्याकडील ही बावडी त्याच विद्येची नातेवाईक आहे.

आता हिशेब पाहा. बोगदा फक्त तेवढेच पाणी देतो जेवढे त्याच्या उंचीपर्यंत साठते. पाऊस चांगला झाला तर जास्त, कमी झाला तर कमी. म्हणजे बांधणाऱ्याने नफ्याचीच तोटी बसविली. मुद्दल उपसण्याची सोयच ठेवली नाही. चारशेहून अधिक वर्षे ती टिकण्याचे रहस्य यातच आहे.

बोअरचा हिशेब नेमका उलटा आहे. आपल्याकडचा खडक काळा पाषाण. पाणी वरच्या मुरमाच्या थरात आणि खडकाच्या भेगांत असते. दरवर्षीच्या पावसाने हा वरचा थर भरतो. खूप खोलवरचे पाणी मात्र फार सावकाश जमलेले असते. शेजाऱ्याचा बोअर २०० फूट, म्हणून आपला ३०० फूट. मग त्याचा ५०० फूट. या शर्यतीत नवे पाणी तयार होत नाही, फक्त जुन्या ठेवीतून कोण आधी काढतो एवढेच ठरते. महाराष्ट्राच्या २००९ च्या भूजल कायद्याने ६० मीटरहून खोल विहिरी घेण्यास मनाई केली आहे, ती याच कारणासाठी. ६० मीटर म्हणजे सुमारे २०० फूट. बाजारात याहून कितीतरी खोल बोअरच्या गोष्टी अभिमानाने सांगितल्या जातात, हे आपण सारे जाणतो.

या शर्यतीचा शेवटही आपण पाहिला आहे. २०१२-१३ चा दुष्काळ आठवा, आणि त्यानंतरचा २०१५-१६ चा. केज तालुक्यातील धनेगावचे मांजरा धरण कोरडे पडले आणि एप्रिल २०१६ मध्ये लातूर शहराला मिरजेहून रेल्वेने पाणी आणावे लागले. ज्या खोऱ्यात पाऊस जेमतेम ६५०-७०० मिलिमीटर, तिथे १५०० ते २५०० मिलिमीटर पाणी मागणारा ऊस वाढत गेला, तर दुसरे काय होणार? ऊस लावणाऱ्याला दोष देऊन आपण मोकळे होऊ शकत नाही. त्याला हमखास गिऱ्हाईक हवे होते आणि ते कारखान्याने दिले. दुसऱ्या पिकाला तसे हमखास गिऱ्हाईक देणे हे व्यापाऱ्याचे काम होते.

दुसऱ्यांच्या तोट्यातून शिकावे

शहाणा व्यापारी स्वतःच्या तोट्यातून शिकतो, अधिक शहाणा दुसऱ्याच्या. तीन उदाहरणे घेऊ. तिन्ही आपल्यासारख्याच कारागिरांच्या वस्त्यांतील आहेत.

पहिले उदाहरण तामिळनाडूचे. वाणियंबाडी, आंबूर या भागात पालार नदीकाठी कातडी कमावण्याचे कारखाने. त्यांतील मालक व कामगार यांत मुसलमानांचा भरणा मोठा. माल परदेशी जाई, डॉलर येत. पण कारखान्यांचे पाणी न शुद्ध करता शेतात, नाल्यात व नदीत सोडले जाई. २८ ऑगस्ट १९९६ रोजी सर्वोच्च न्यायालयाने या प्रकरणी निकाल दिला. या पट्ट्यातील सुमारे ३५,००० हेक्टर शेतजमीन अंशतः किंवा पूर्णपणे नापीक झाल्याची पाहणी न्यायालयापुढे होती. 'जो प्रदूषण करील त्याने भरपाई द्यावी' हे तत्त्व मान्य झाले, प्रत्येक कारखान्याला १०,००० रुपये दंड झाला, आणि शुद्धीकरणाची सोय न करणाऱ्यांना टाळे लागले. चामड्याचा व्यापार देशाला हवा आहे हे न्यायालयानेही मान्य केले. पण त्यासाठी शेजाऱ्याचे पिण्याचे पाणी नासविण्याचा हक्क मिळत नाही, असा निकालाचा आशय होता.

दुसरे उदाहरण तिरुपूरचे. बनियन व होजिअरीचे ते मोठे केंद्र. रंगाईचे पाणी नोय्यल नदीत जाई. खालच्या अंगाच्या शेतकऱ्यांनी वर्षानुवर्षे दाद मागितली. अखेर जानेवारी २०११ मध्ये मद्रास उच्च न्यायालयाच्या आदेशाने सातशेच्या आसपास रंगाई कारखाने बंद पडले. रंगारी थांबला म्हणून शिलाईवाला थांबला, शिलाईवाला थांबला म्हणून इस्त्रीवाला आणि टेम्पोवाला थांबला. गटारीत टाकलेल्या पाण्याचे बिल शेवटी ज्याने रंगाचा थेंबही पाहिला नव्हता अशा हमालाने भरले.

तिसरे उदाहरण आग्र्याचे. ताजमहालाच्या संगमरवराला कोळशाच्या धुराने इजा पोहोचत होती. ३० डिसेंबर १९९६ रोजी सर्वोच्च न्यायालयाने २९२ कोळसा जाळणाऱ्या उद्योगांना सांगितले की नैसर्गिक वायूवर या, नाहीतर हा परिसर सोडा. त्याच ताज परिसरात फिरोजाबादचे बांगडीचे व काचेचे कारागीर येतात. सुरुवातीला केवढी घबराट झाली असेल, याची कल्पना करावी. पण वायूची जोडणी आली, भट्ट्या बदलल्या आणि फिरोजाबादची बांगडी आजही आपल्या बाजारात विकली जाते. स्थलांतर होणाऱ्या कारखान्यांतील कामगारांचे रोजगार व वेतन सांभाळण्याच्या अटीही त्या निकालात होत्या.

या तीन उदाहरणांतून एकच धडा निघतो. स्वच्छतेचा खर्च टाळता येत नाही. फक्त पुढे ढकलता येतो. आणि पुढे ढकललेला खर्च सावकारी व्याजासह परत येतो. जिथे बदल वेळेवर झाला आणि त्याला सरकारी सोयीची साथ मिळाली, तिथे धंदा वाचला. जिथे 'बघू पुढे' म्हणून वेळ काढला, तिथे कुलूप लागले.

जुने ते भांडवल

आता वारशाकडे वळू. जुनी बावडी, जुनी मशीद, जुना मठ, जुनी वेस पाहिली की आपल्यातील काहींना फक्त अडलेली जागा दिसते. 'हे पाडले तर दहा गाळे निघतील.' गाळे निघतील, हे खरे. पण हिशेब अर्धा आहे.

बिदरचे बिदरीकाम पाहा. जस्त आणि तांब्याच्या भांड्यावर चांदीची तार बसवितात आणि शेवटी भांड्याला तो प्रसिद्ध काळा रंग देतात. हा रंग बिदरच्या किल्ल्यातील जुन्या मातीच्या साहाय्याने येतो. कारागीर ही माती चाखून पारखतात. म्हणजे तिथे किल्ला ही केवळ पाहण्याची वस्तू नाही, तो कच्चा माल आहे. उद्या ती माती उपसून रस्त्याच्या भरावात टाकली तर किल्लाही गेला आणि हुन्नरही गेले.

औरंगाबादची, म्हणजे आजच्या छत्रपती संभाजीनगरची, पाणचक्की दुसरे उदाहरण. डोंगरातले पाणी खापराच्या नळांतून काही मैल आणून त्यावर जाते फिरविले आणि त्या पिठावर दर्ग्यातील मुसाफिर व विद्यार्थी जेवत. त्याच शहराला मलिक अंबरने नहरींचे पाणी दिले होते. आज पाणचक्कीभोवती लोकांचे पोट चालते ते पाहुण्यांमुळे. पण नहरींवर बांधकामे झाली, नळ फुटले, सांडपाणी मिसळले. शहराने फुकटचे पाणी गमावले आणि आता ते दूरच्या जायकवाडीतून विजेच्या जोरावर वर चढवावे लागते.

आणि एक उदाहरण आपल्या बीडचे, जरा कडू. बीडची छागल एके काळी नावाजलेली होती. चामड्याची ही पाण्याची पिशवी प्रवाशाच्या खांद्यावर असे. बीडची गुप्तीही तशीच प्रसिद्ध. आज छागल शोधून सापडत नाही. ती कुणी बंद पाडली नाही. आधी इतर भांडी आली, मग प्लास्टिकची बाटली आली. त्या हातांतील कौशल्य पाकीट, पट्टा, पिशवी अशा नव्या वस्तूकडे वळविणारे कुणी भेटले नाही, म्हणून ते मेले. यावरून हे ध्यानात घ्यावे की वारसा नुसत्या अभिमानाने जगत नाही. त्याला गिऱ्हाईक लागते. आणि गिऱ्हाईक आणणे हे व्यापाऱ्याचे काम आहे, कारागिराचे एकट्याचे नव्हे. कोल्हापुरी चप्पल टिकली ती हीच साखळी शाबूत राहिल्यामुळे.

आपल्या हाताशी काय आहे?

'हे सारे ठीक, पण नेकनूरच्या माणसाने काय करावे?' असा प्रश्न वाचक विचारतील. उत्तर डोंगरावरच उगवलेले आहे.

बालाघाटाच्या उतारावर सीताफळ आपोआप वाढते. हलकी जमीन, थोडा पाऊस, खताची मागणी नाही. पानांना उग्र चव असल्यामुळे शेळी तोंड लावत नाही. मुळे माती धरतात, माती पाणी धरते. म्हणजे हे झाड एकाच वेळी नफाही देते आणि मुद्दलही वाढविते. २०१६ साली 'बीड सीताफळ' या नावाला भौगोलिक मानांकन मिळाले. याचा अर्थ, या भागात पिकलेल्या फळालाच ते नाव लावता येते. पुष्कळांना वाटते की हे मानांकन फक्त शेतकऱ्यांचे आहे. तसे नाही. १९९९ च्या या कायद्यात 'उत्पादक' शब्दात मालावर प्रक्रिया करणारा, तो बांधणारा आणि त्याचा व्यापार करणाराही येतो. अधिकृत वापरकर्ता म्हणून नाव नोंदविता येते, ही नोंदणी दहा वर्षे चालते आणि पुढे नूतनीकरण होते. किती बागवान बांधवांनी ती केली आहे, हे त्यांनी एकमेकांना विचारावे.

पण नुसत्या नोंदणीने भाव येत नाही. पहिल्या भावाच्या लोभाने कच्चे फळ तोडणे ही या धंद्याची खोड आहे. फळाचे डोळे पूर्ण उघडण्याआधी तोडले तर ते पिकत नाही, काळे पडते. तयार फळही तोडल्यावर तीन-चार दिवसांत पिकते, म्हणून वाहतुकीतला एक दिवस गमावणे म्हणजे पैसा गमावणे. समजण्यासाठी एक नमुन्याचा हिशेब मांडू.

एका बागवानाने कच्चेपक्के मिसळलेले १०० क्रेट ४०० रुपयांप्रमाणे घेतले: ४०,००० रुपये. वाहतूक व हमाली ६,००० रुपये. २५ क्रेट वाया गेले. ७५ क्रेट ६०० रुपयांनी विकले: ४५,००० रुपये. तोटा १,००० रुपये. शिवाय आडतीवर नाव खराब झाले ते वेगळे.

दुसऱ्याने तयार फळच घ्यायचे ठरविले. तोडणाऱ्याला जास्त भाव दिला, ४८० रुपये: ४८,००० रुपये. वाहतूक व हमाली ६,००० रुपये, फळ निवडून लावण्याची मजुरी ३,००० रुपये. वाया गेले ८ क्रेट. ९२ क्रेट ६८० रुपयांनी विकले: ६२,५६० रुपये. नफा ५,५६० रुपये. तोडणाऱ्याला जास्त मिळाले, निवडणाऱ्या बायांना मजुरी मिळाली, आणि व्यापाऱ्यालाही उरले.

आकडे वर्षागणिक बदलतील. हिशेबाची रीत बदलणार नाही. ज्या तोडणाऱ्याला तयार फळाचा भाव मिळतो तो फांदी मोडत नाही, झाड सरपणाला तोडत नाही. डोंगर राखण्याचे काम वनखात्याच्या काठीपेक्षा चांगला भाव अधिक बरे करतो. उरलेल्या फळाचा गर काढून गोठवून ठेवता येतो. गर फार तापविला तर कडवट होतो, म्हणून शीतगृहाची सोय लागते. ती एकट्याच्या आवाक्याबाहेर असेल, पण दहा-पंधरा जणांच्या नाही. बीडहून अहिल्यानगरला रेल्वे सप्टेंबर २०२५ मध्ये सुरू झाली. रस्त्याबरोबर रूळही आले, तेव्हा फळाला लांबचे गिऱ्हाईक शोधण्याची हीच वेळ आहे.

जनावरांच्या बाजाराबद्दलही हेच. २०१५ च्या कायदा-दुरुस्तीने राज्यात बैल व वळूंच्या कत्तलीवरही बंदी आली आणि त्यावर पोट असलेल्या कुटुंबांना दुसरी वाट धरावी लागली. आपल्या मुलखात उस्मानाबादी शेळी आहे. कोरड्या हवेत टिकणारी, बहुधा जुळे देणारी ही जात आपल्या पूर्वजांनी निवडून निवडून तयार केली. तीही वारसाच आहे. बाहेरच्या जातींशी वाटेल तसा संकर होऊ न देता चांगला बोकड राखणाऱ्याला चार पैसे जास्त देणे, हे व्यापाऱ्याच्या हातात आहे. मात्र डोंगर सोसेल इतकेच कळप असावेत. उघडा झालेला डोंगर शेळीलाही पोसत नाही.

'गरिबाला हे परवडते का?'

हा आक्षेप खरा आहे आणि त्याला टोलवून चालणार नाही. ज्या लोहाराचा आजचा भाता आजच्या कोळशावर चालतो, त्याला दहा वर्षांनंतरचा डोंगर सांगून भूक भागत नाही. म्हणून खर्चाचे तीन भाग करावेत.

पहिला भाग असा की ज्यात खर्च नाही, उलट बचत आहे. १,००० चौरस फूट छतावर ६०० मिलिमीटर पाऊस पडला तर, गळती-उडती वजा जाता, सुमारे ४४ हजार लिटर पाणी मिळते. म्हणजे १० हजार लिटरचे चार टँकर. दुकान, गोदाम, शाळा, मशीद, मठ, कोणत्याही छताला हा हिशेब लागू आहे. पन्हाळ लावून ते पाणी टाकीत किंवा जुन्या आडात सोडावे. मशिदीतील वुजूचे पाणी गटारीऐवजी झाडांना द्यावे.

दुसरा भाग असा की ज्यात खर्च आहे पण वाटून घेता येतो. बाजारातील कचरा, खाटीकखान्याचे पाणी, कातड्याचे मीठ, गॅरेजचे जळके तेल यांची सोय एकट्याने होत नाही. आठवडी बाजारातून ग्रामपंचायतीला उत्पन्न मिळते. त्यातील काही भाग बाजाराच्या स्वच्छतेवर व पाण्यावरच खर्च व्हावा, असा ठराव व्यापाऱ्यांनी ग्रामसभेत जाऊन मागावा. पातळ प्लास्टिक पिशव्यांवर राज्यात २०१८ पासून बंदी आहे. दंड भरण्यापेक्षा कापडी पिशव्यांचे काम गावच्याच शिंप्यांना आणि घरी शिलाई करणाऱ्या भगिनींना द्यावे.

तिसरा भाग असा की जो गावाच्याही ताकदीबाहेर आहे. मोठे रस्ते, खाणी, पवनचक्क्या यांचे निर्णय वर होतात. बालाघाटावर पवनचक्क्या उभ्या राहत आहेत. वारा विकून वीज मिळते, यात वाईट काही नाही. पण यंत्र नेण्यासाठी डोंगर कापून रस्ता होतो तेव्हा ओढ्याचे तोंड बुजते काय, पाझर तुटतो काय, हे करारावर सही करण्याआधी विचारलेच पाहिजे. पाटोदा तालुक्यातील नायगावला १९९४ पासून मोरांचे अभयारण्य आहे. जिथे मोराला पाणी मिळते, तिथे माणसालाही मिळते, एवढी साधी खूण लक्षात ठेवावी.

नवा धंदा करण्याआधीचे सहा प्रश्न

वहीच्या पहिल्या पानावर हे प्रश्न लिहून ठेवावेत.

१. या धंद्याला रोज किती पाणी लागेल आणि कडक उन्हाळ्यात ते कुठून येईल?
२. वापरलेले पाणी, राख, कातरण, तेल कुठे जाईल? तिथे कुणाची विहीर आहे?
३. ज्या जागेवर उभे राहायचे तिथे जुना आड, बारव, ओढा, कबरस्तान किंवा समाधी आहे काय?
४. या धंद्याने गावातील कोणते हुन्नर जगेल आणि कोणते मरेल?
५. उद्या नियम कडक झाला तर हा धंदा कायदेशीरपणे चालू राहील काय?
६. माझ्या मुलाला हा धंदा याच गावात करता येईल काय?

सहाही प्रश्नांची उत्तरे मनासारखी येतीलच असे नाही. पण ज्याला उत्तरे ठाऊक आहेत तो वेळेवर सावध होतो. तिसऱ्या प्रश्नाबाबत एक विनंती: जुना आड सापडला तर तो बुजवून त्यावर ओटा बांधू नका. गाळ काढा, छताचे पाणी त्यात सोडा. बुजविलेला आड पुन्हा खणायला पिढी जन्मावी लागते.

या आठवड्याचा अभ्यास

प्रत्येक वाचकाने आपल्या दुकानाच्या वहीत एक पान वेगळे काढावे. डाव्या बाजूस लिहावे: गेल्या दहा वर्षांत आपल्या आळीतील कोणत्या विहिरी आटल्या, कोणती झाडे गेली, कोणता कारागीर धंदा सोडून गेला. उजव्या बाजूस लिहावे: या काळात काय नवे आले, कोणता पक्का रस्ता, कोणते नवे दुकान, कुणाचे शिक्षण. मग दोन्ही बाजूंची बेरीज स्वतः करावी. विकास झालाच नाही असे कुणी म्हणणार नाही. पण उजवी बाजू डाव्या बाजूतून काढलेल्या उसनवारीवर उभी आहे काय, एवढे तपासावे.

बीडकडे मालाला जाणे झाले तर एकदा खजाना बावडीपाशी दहा मिनिटे थांबावे. मुलाला बरोबर न्यावे. तिसऱ्या बोगद्यातून पाणी बाहेर कसे जाते ते त्याला समजावून सांगावे. ज्याने ती बांधविली त्याची जहागीर गेली, ज्या सुलतानाचा तो सरदार होता त्याची सल्तनत गेली. पण जे पाणी लोकांसाठी वाटेला लावले, त्याची याद राहिली. व्यापारात यालाच बरकत म्हणतात. मुद्दल राखले की ती आपोआप येते.